मी, तू आणि ते

अवघड ग्रंथाचे एकदा भाषांतर झाल्यावर ते पुन्हा का करावे? भाषा जुनी होते, हे उत्तर अपुरे आहे. आधुनिक ज्यू तत्त्वज्ञानातील मार्टिन बूबर यांच्या ‘इश् उंड डू’ (१९२३) या लहानशा जर्मन ग्रंथाचा इंग्रजीतील प्रवास या दृष्टीने उद्बोधक आहे.

बूबर यांच्या मते माणसाचा ‘मी’ एकटा कधीच नसतो. तो ‘मी–तू’ किंवा ‘मी–ते’ या जोडीतच उच्चारला जातो. पहिल्या जोडीत संपूर्ण जिवाने भेट घडते. दुसरीत समोरचा केवळ अनुभवाचा वा उपयोगाचा विषय होतो. जर्मन ‘डू’ हा मित्राचा, मुलाचा आणि प्रार्थनेतील देवाचाही शब्द. रोनाल्ड ग्रेगर स्मिथ यांनी १९३७ साली त्याचा ‘दाउ’ केला. तो तर नित्याच्या इंग्रजीतून केव्हाच लोपलेला, प्रार्थनेत उरलेला शब्द. वॉल्टर कॉफमन यांनी १९७० साली रूढ शीर्षक राखून आत ‘यू’ योजिला. परंतु ‘यू’ परक्यालाही चालतो आणि जमावालाही. एका भाषांतरात देव राहिला, शेजारी दुरावला. दुसऱ्यात शेजारी आला, पण एकेरीतील जिव्हाळा निसटला. दुसऱ्या भाषांतराने पहिले रद्द केले नाही. मूळ शब्दाची खोली मात्र उघड केली.

आपल्या ‘तू’ला हा पेच नाही. आईला आणि विठ्ठलाला आपण त्याच शब्दाने हाक मारतो. म्हणून मराठी भाषांतर सोपे होईल, असे मात्र आम्हांस वाटत नाही. ज्याला हलका लेखावयाचे त्यालाही आपण ‘तू’च म्हणत आलो, बूबर यांच्या अर्थाने ते शुद्ध ‘मी–ते’ होय. उलट ‘ते’ हे आपले आदरार्थी सर्वनामही आहे. म्हणजे ज्या दोन शब्दांवर ग्रंथ उभा, ते दोन्ही मराठीत दुधारी आहेत.

बूबर व फ्रान्झ रोझेनत्स्वाइग यांनी १९२५ साली हिब्रू बायबलाचे जर्मन भाषांतर आरंभिले. रोझेनत्स्वाइग १९२९ साली निवर्तले. बूबर यांनी ते १९६१ साली पुरे केले. जर्मन कानाला खटकले तरी मूळची लय व पुनरावृत्त शब्द त्यांनी सोडले नाहीत. मराठी भाषांतरकारानेही हाच दंडक पाळावा: मूळ जर्मनवरून काम करावे, ‘तू’ व ‘ते’ सर्वत्र तसेच राखावेत आणि त्यांचा दुहेरी अर्थ प्रस्तावनेत स्पष्ट करावा. सुबोधतेच्या नावाखाली हा खडबडीतपणा घासून टाकला, तर वाचकाच्या हाती ग्रंथाचा सारांश येईल. ग्रंथाशी त्याची भेट होणार नाही.