नोंदवहीतला पाठभेद

वऱ्हाडच्या प्राचीन इतिहासावरचे लेख वाचताना मला अलीकडे एक खोड लागली आहे. ताम्रपट कोणी वाचला, हे मी नंतर पाहतो. तो कुठे सापडला हे वाचणाऱ्याला कशावरून कळले, ते आधी शोधतो. वाचणाऱ्याचे नाव असते, गावाचे असते. ज्याने वस्तूवर क्रमांक घातला आणि रजिस्टरात ओळ लिहिली, त्याचे नसते. संग्रहालयातल्या सर्वांत खालच्या तंत्रसहायकाने लिहिलेली ती ओळ हाही एक ‘पाठ’ आहे आणि पोथीला लावतो ती शिस्त तिलाही लावली पाहिजे, असे माझे म्हणणे आहे.

चम्मक घ्या. अचलपूरजवळच्या या गावी वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याचा ताम्रपट मिळाला आणि फ्लीटने तो १८८८ च्या आपल्या ग्रंथात छापला. भोजकट राज्यातले, मधुनदीच्या काठचे चर्मांक नावाचे गाव हजार ब्राह्मणांना दिल्याचे त्यात म्हटले आहे. चर्मांक म्हणजे चम्मक, म्हणून भोजकट म्हणजे हाच मुलूख, ही सगळी मांडणी प्राप्तिस्थानाच्या एका शब्दावर उभी आहे. ताम्रपट ही हलती वस्तू. तो कोणाच्या घरातून, कोणत्या बाजारातून कुठेही जाऊ शकतो. नोंदीतला तो शब्द गळाला असता, तर नावातले साम्य हा नुसता तर्क उरला असता. राजनापूर-खिनखिनी हे अकोला जिल्ह्यातले खेडे जैन कांस्यमूर्तींच्या अभ्यासकांना माहीत आहे, तेही मूर्ती नागपूरला अजबबंगल्यात गेल्या तरी गावाचे नाव त्यांच्याबरोबर गेले म्हणून.

पण ही नोंद स्थिर नसते. फ्लीटच्या वेळी एलिचपूर हा वेगळा जिल्हा होता. १९०५ मध्ये तो अमरावतीत विलीन झाला. त्याच वर्षी वाशीम अकोल्यात गेले आणि १९९८ मध्ये पुन्हा वेगळे झाले. विंध्यशक्तीचा वाशीम ताम्रपट १९३९ साली उजेडात आला, तेव्हा ‘जि. अकोला’ लिहिणारा बरोबर होता. आज तेच वाचून कोणी चुकले म्हणेल.

मीही म्हणालो होतो. एम.ए. झाल्यावर विदर्भातल्या एका छोट्या संग्रहात मी काही महिने सहायक होतो. एका भग्न मूर्तीच्या चिठ्ठीवर ‘वाशीम, जि. अकोला’ असे होते. जिल्हा वेगळा होऊन फार दिवस झाले नव्हते. मी उत्साहाने नवी चिठ्ठी टंकून घेतली, ‘जि. वाशीम’ केले, जुनी टोपलीत टाकली. तिथल्या म्हाताऱ्या शिपायाने दुसऱ्या दिवशी विचारले, “चिठ्ठी कायले फेकली जी? मांगून पेन्सिलीनं नाल्याचं नाव होतं ना.” टोपली तोवर रिकामी झाली होती. मी चिठ्ठी उलटून पाहिलीच नव्हती.

वा. वि. मिराशींनी वाकाटकांवर जे काम केले, त्यातली एक गोष्ट मला म्हणूनच फार मोलाची वाटते. वाशीम ताम्रपट मिळाल्यावर त्यांनी अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यातला लेख पुन्हा तपासला आणि ब्यूलरच्या वाचनात निसटलेले सर्वसेनाचे नाव लावून दाखवले. ब्यूलरचे वाचन छापील होते, म्हणूनच दुरुस्ती काय झाली हे आपण ताडून पाहू शकतो. रजिस्टरात मात्र पांढरी शाई लावली की आधीचे वाचन उरतच नाही. एकच रेघ मारावी, जुने अक्षर वाचता यावे, शेजारी सही आणि तारीख असावी, हे लिपिकाराला जमते ते आपल्याला का जमू नये?

खरे तर हाताच्या कामात ही सावधगिरी आधीपासून आहे. क्रमांक थेट वस्तूवर लिहीत नाहीत. न दिसणाऱ्या बाजूला लाखेसारखा पारदर्शक थर देतात, त्यावर बारीक टाकाने आकडे, वर पुन्हा थर. उद्या काढायचा झाला तर ॲसिटोनने निघतो. पोथीवर मऊ पेन्सिल, कापडावर शिवलेली फीत. तांब्याला उघडा हात लावत नाहीत, कारण घामातले मीठ चढते, आणि पावसाळ्याच्या दमट हवेत क्षार जागे झाले की फिकट हिरवी भुकटी सुटून अक्षर खाल्ले जाते. घरी देवाची भांडी चिंचेने घासतो तसा ताम्रपट घासणारे भाविक वऱ्हाडात कमी नाहीत; त्यांना थोपवणे हेही याच माणसाचे काम. परत फिरता येईल असेच करायचे, हा नियम वस्तूला लागू आहे आणि तिच्याविषयीच्या ओळीला नाही, याचे मला नवल वाटते.

रिद्धपूरला २०२४ मध्ये मराठी भाषा विद्यापीठ सुरू झाले. महानुभावांच्या सकळ लिपीतल्या पोथ्या तिथे आल्या, तर प्रत्येकीची पहिली ओळ कोणीतरी बाविशीतला मुलगा किंवा मुलगी लिहील. पोथी कोणाच्या घरची, कोणत्या बस्त्यात, कोणत्या पोथीशेजारी होती, यासाठी त्या रजिस्टरात रकाना असेल का, एवढे मला विचारायचे आहे.

माझ्या त्या मूर्तीच्या नोंदीपुढे मी नोकरी सोडण्यापूर्वी एक ओळ वाढवली: ‘मूळ चिठ्ठी माझ्याकडून टाकली गेली. तिच्या मागे नाल्याचे नाव होते, असे शिपाई सांगतात. नाव त्यांनाही आठवत नाही.’ खाली सही आणि तारीख.