गोलाई स्वस्त झाली

काष्टीच्या बाजारात बैल घेणारा आधी दात बघतो, पाठीवर थाप मारतो, मग चार पावलं चालवून बघतो. शिंगांना चोपडलेल्या तेलाला तो भुलत नाही. शोभेच्या दगडी गोळ्यांच्या बाजारात मात्र हल्ली तेलच विकलं जातं, असं माझं मत झालं आहे.

काळाभोर ऑब्सिडियनच घ्या. ही ज्वालामुखीची काच. भरपूर सिलिका असलेला चिकट लाव्हा स्फटिक धरण्याआधीच थिजला की ती होते. आपल्या दख्खनचा बेसाल्ट पातळ लाव्ह्याचा, तोही सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. एवढ्या काळात काच सहसा काच राहत नाही. म्हणून घोड-भीमेच्या काठी हा दगड शोधू नये. तो मेक्सिकोकडचा, आर्मेनियाकडचा. ‘ऊर्जेचा गोळा’ म्हणून घेतलेला तो कधीकधी कारखान्यातली काळी काचही असते.

आपल्या वाट्याला आली ती गारगोटी, अकीक. घोडकाठच्या इनामगावला डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केलं. तिथल्या ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांची कॅल्सेडनीची पाती आणि कार्नेलियनचे मणी मिळाले. म्हणजे दगड घडवणारा हात इथेही होता. आज तो बघायचा तर गुजरातेत, खंभातला जावं लागतं. तिथे जमिनीत तिरप्या रोवलेल्या लोखंडी सळईच्या टोकावर अकीक टेकवून त्यावर शिंगाच्या डोक्याची हातोडी मारतात. शिंग लोखंडासारखं कठोर नसतं, त्यामुळे टवका बेताने उडतो. (काष्टीकराला शिंगाचा हा उपयोग आवडावा.) याच खंभातच्या कारागिरांच्या फुप्फुसांत अकिकाची धूळ बसते आणि सिलिकोसिस होतो. झिलईचं कौतुक करताना हे विसरता येत नाही.

महाराष्ट्राचं नाव आज दगडात आहे, पण न घडवलेल्या. सिन्नरच्या ‘गारगोटी’ संग्रहालयातले झिओलाइट पाहताना त्यांना कोणी करवत लावू नये असंच वाटतं. त्यांच्यासोबत मिळणारा अपोफिलाइट तर एका दिशेने सहज चिरतो. त्याचा गोळा करण्यापेक्षा स्फटिक तसाच ठेवणं शहाणपणाचं.

गोळा घडवणं तसं अवघड राहिलेलं नाही. ठोकळा कापायचा, कोपरे आणि कडा उतरवायच्या, मग दोन-तीन फिरत्या वाट्यांच्या मध्ये तो सोडून द्यायचा. सिलिकॉन कार्बाइडची भुकटी आधी जाड, मग बारीक, शेवटी सेरियम ऑक्साइड. गोलाई यंत्र देतं. माणसाची परीक्षा पहिल्या कापाला होते. इंद्रधनुषी ऑब्सिडियनमध्ये रंग थराथरांनी दडलेले असतात. थर नेमके कुठे आहेत ते ओळखून ठोकळा कापला तर गोळ्यात एकात एक वलयं उमटतात. घाईत कापला तर रंग उतरवलेल्या तुकड्यांत जातात आणि हातात नुसता काळा चेंडू येतो. शिवाय हा दगड नाजूक. घासताना तापला तर तडकतो. आधीच्या जाड भुकटीचा एक कण धुवायचा राहिला तरी पुढच्या टप्प्यात ओरखडा उठतो.

बाजारातले बहुतेक गोळे मला या पहिल्या कापातच नापास झालेले दिसतात. वजनावर विकायचं म्हटल्यावर थर शोधण्यात दगड कोण वाया घालवणार? गिऱ्हाइकही विचारत नाही.

विकत घेणाऱ्याने निदान ट्यूबलाइटखाली गोळा हळूहळू फिरवून बघावा. प्रतिबिंबाची रेघ जिथे लचकते, तिथे तो चपटा आहे.