‘बरीथ’, ‘करार’ आणि ‘ओडंबडिके’

बंगळूर येथे मुख्यालय असलेल्या बायबल सोसायटी ऑफ इंडियाच्या मराठी व कन्नड बायबलांत हिब्रू ‘बरीथ’ या संज्ञेसाठी अनुक्रमे ‘करार’ आणि ‘ओडंबडिके’ हे शब्द येतात. पहिला अरबी-फारसीतून मराठी दफ्तरी व्यवहारात रुळलेला, दुसरा ‘संमत होणे’ या अर्थाच्या कन्नड धातूपासून सिद्ध झालेला. दोहोंतही उभयपक्षी संमती गृहीत आहे. ‘उत्पत्ती’च्या 15व्या अध्यायात मात्र अब्राम गाढ झोपेत असतो, चिरलेल्या पशूंच्या भागांमधून धुमसती भट्टी व जळती मशाल ही ईश्वराची प्रतीके तेवढी जातात. वचन मोडणाऱ्याची गत या पशूंसारखी होवो, हा त्या विधीचा अर्थ ‘यिर्मया’च्या 34व्या अध्यायावरून लागतो. म्हणजे येथे बंधन देणाऱ्यावर आहे. ग्रीक भाषांतरकारांनी परस्परसंमतीचा ‘सिंथेके’ टाळून मृत्युपत्रवाचक ‘दियाथेके’ स्वीकारला, तो या एकतर्फीपणाला अधिक जवळचा.

तथापि ‘करार’ त्याज्य ठरत नाही. 17व्या अध्यायात सुंता ही खूण मागितली जाते. कोकणातील बेने इस्रायलांनी हिब्रू ग्रंथ हाती नसतानाही ती पाळली. घेणाऱ्याची ही जबाबदारी ‘वचन’ या शब्दात मावत नाही. संज्ञा निष्ठेची बाजू सांगते. कृपेची बाजू कथेतूनच वाचावी लागते.