‘कट्’ आणि ‘कापणें’

मावळांतील भुशी गांवाजवळच्या धरणावर पावसाळ्यांत मुंबई-पुण्याची किती गर्दी लोटते हें सांगावयास नको. त्या गर्दीकरितां छापलेलें एक मराठी माहितीपत्रक मध्यंतरीं आमच्या हातीं आलें. त्याचें म्हणणें असें, कीं भाजें व कार्लें येथील लेणीं खडकांत कापलेलीं आहेत, बोरघाटांतील रेल्वे डोंगर कापून नेलेली आहे, आणि पाऊस सरल्यावर येथील शेतकरी भात कापतात. पत्रक प्रथम इंग्रजींत लिहिलें गेलें असावें, हें ओळखावयास याहून अधिक पुरावा नको. इंग्रजींत तिन्ही ठिकाणीं ‘कट्’ शोभतो. मराठींत ‘कापणें’ शोभतें तें तिसऱ्या ठिकाणीं, भाताला.

लेणें कापीत नाहींत, कोरतात. कोरणाराची दृष्टि काढून टाकलेल्या दगडाकडे नसते, मागें काय उरणार याकडे असते. आणि दोन हजार वर्षांपूर्वीं भाज्याच्या कातळावर छिन्नी चालविणाऱ्यांना जें उरवावयाचें होतें तें आज उभें आहे. रेल्वेकरितां डोंगर फोडला गेला. 1856 सालीं आरंभिलेलें बोरघाटाचें काम 1863 सालीं पुरें झालें; 25 बोगदे पाडावे लागले, सुरुंग लावावे लागले, आणि काम ऐन भरांत असतां चाळीस हजारांहून अधिक मजूर तेथें राबत होते. त्यांतील कित्येक अपघातांनीं व रोगांनीं दगावले. ‘डोंगर कापून’ म्हटलें म्हणजे सुरीनें लोणी कापावें तसा भास होतो. ‘फोडणें’ या क्रियापदांत घाम आहे. तें गेलें कीं माणसेंहि वाक्यांतून गेलीं. आमची तक्रार शुद्धलेखनाची नव्हे, ती ही आहे.

मराठीचा स्वभावच असा, कीं हत्यार कोणतें व वस्तु कोणती हें ती क्रियापदांतच सांगून टाकते. भाजी विळीवर चिरावी, कोथिंबीर खुडावी, सुपारी अडकित्त्यानें कातरावी, ऊस तोडावा, द्राक्षवेल छाटावी, हिऱ्याला पैलू पाडावे, चुकलेली ओळ खोडावी. शिंपी कापड नुसतें कापीत नाहीं, आधीं बेततो. नखें तर आपण काढतों, आणि देवापुढचा नारळ फोडतांना ‘वाढविला’ म्हणतों. उलट उद्घाटनाची फीत आणि वाढदिवसाचा केक मात्र बिनतक्रार कापले जातात. चालच परकी, तेव्हां तिचें क्रियापदहि तिच्याबरोबर आलें. मोल्सवर्थ यांनीं आरंभिलेला व कँडी यांनीं पुरा केलेला इंग्रजी-मराठी कोश 1847 सालीं निघाला, तेव्हांपासून भाषांतरकारांना शब्दांची वाण नाहीं. परंतु कोश शब्दांची रांग उभी करतो. त्यांतून एकाला हांक मारावयाची ती भाषांतरकारानेंच. रांगेंतल्या पहिल्यालाच सदा हांक मारणारा भाषांतरकार कोशाला दोष देऊं शकत नाहीं.

येथें मराठीची पाठ थोपटून थांबणें सोपें होतें. पण तें न्यायाचें होणार नाहीं. इंग्रजींतहि कापण्याचीं क्रियापदें उदंड आहेत, आणि ‘कट्’ हा तर त्या घरांत मागाहून आलेला पाहुणा. जुन्या इंग्रजींत त्याचा पत्ता नाहीं. तो चौदाव्या शतकाच्या सुमारास लेखनांत दिसूं लागतो, आणि त्याची व्युत्पत्ति अद्याप निश्चित नाहीं. त्यापूर्वीं सर्रास चालणारा ‘कार्व्ह’ त्यानें मागें रेटला, इतका, कीं आज त्याच्या वांट्याला मुख्यतः कोरीव काम आणि मेजावरचें मांस एवढेंच उरलें आहे. मग इंग्रजी दरिद्री झाली काय? नाहीं. ‘कट्’पुढें लहानसें अव्यय ठेवून तिनें तोडणें, कमी करणें, मध्येंच बोलणें, वगळणें असे नाना अर्थ करून घेतले. मराठींत अशीं अव्ययें जोडण्याची सोय नाहीं. म्हणून तिचीं क्रियापदें गेलीं तर त्यांच्या जागीं कांहीं येत नाहीं. हा भेद विसरून इंग्रजीचें उदाहरण दाखविणारे फसतात.

‘कापणें’ हा शब्द मात्र हलका समजूं नये. त्याचा संबंध संस्कृत ‘क्लृप्’ धातूशीं जोडतात, म्हणजे ‘कल्पना’ ही त्याची सख्खी बहीण ठरते. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत ‘कल्पक’ म्हणजे न्हावी! ‘कपात’ हा शब्दहि आम्हांस आवडतो. पाणीकपात म्हटलें कीं पाणी कमी येणार हें कोणालाहि कळतें. वीज जाण्याला ‘भारनियमन’ म्हणणाऱ्यांना तेवढा प्रामाणिकपणा साधला नाहीं.

आतां तर भाषांतराचेहि कष्ट नकोत. ‘कट’ जसाच्या तसा घेतला जातो. फोन कट होतो, पगार कट होतो, नांव कट होतें. मराठींत ‘कट’ पूर्वींपासून आहे व तो रचला जातो. ‘मंत्र्यांचा कट उघड’ या मथळ्यांत कारस्थान समजावें कीं दलाली, हा प्रश्न वाचकाला पडावा अशी वेळ आली आहे. फोन तुटतो, पगार कापतात, नांव वगळतात. येथें उसनवारी निव्वळ आळसाची आहे.

पण सगळीच तशी नाहीं. भुशीच्या पायऱ्यांवर भिजलेला मुंबईकर ‘दोन कटिंग’ म्हणून हांक देतो आणि दोन अर्धे पेले चहा त्याच्या हातीं येतात. ‘अर्धा चहा’ म्हटल्यानें त्याचें समाधान होणार नाहीं, आणि ज्याच्या भाषेंतून शब्द उचलला त्या इंग्रजाला तर तो मुळींच कळणार नाहीं. हा शब्द आम्ही मराठीच समजतों.