न सांपडणारी बाग

जॉर्जो बासानी यांची ‘फिन्झी-कोन्तिनींची बाग’ (१९६२) वाचून इटलींतील फेरारा या पुनरुज्जीवनकालीन शहरीं जाणारा वाचक ती बाग शोधतो. पण ती कल्पित आहे. खरा आहे तो इतिहास : १४९२ सालीं स्पेननें हांकललेल्या यहुद्यांना येथील एस्ते घराण्यानें आसरा दिला, पुढें पोपच्या राजवटींत, १६२७ सालीं, यहुदी वस्तीला दरवाजे बसून रात्रीं कुलुपें पडूं लागलीं. कादंबरींत, १९३८ च्या वंशभेदी कायद्यांनंतर टेनिस-क्लबाला नकोसे झालेले यहुदी तरुण या बागेंत खेळूं लागतात, आणि कथा रेंगाळते. हा कित्येकांना दोष वाटतो. आम्हांस तेंच मर्म वाटतें. अरिष्ट दाराशीं असतां सुसंस्कृत माणसें कशीं गाफील राहतात, हें घाईनें सांगतां आलें नसतें. या घराण्यानें स्वतःसाठीं भव्य समाधि बांधली होती. १९४३ सालीं जर्मनीस नेलेल्यांना ती लाभली नाहीं.