खराटा आणि लेखणी

मावळ म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे बहुधा गोपाल नीलकंठ दांडेकरांचा मावळ उभा राहतो. लोणावळ्याहून राजमाचीकडे जाणारी रानवाट, श्रीवर्धन आणि मनरंजन हे जोड बालेकिल्ले, पवनेच्या खोऱ्यावर नजर ठेवून असलेला तुंग. आम्ही ज्या मुलखात राहतो, तो आमच्यापैकी अनेकांनी पायांनी तुडवण्याआधी गोनीदांच्या पानांतून पाहिलेला असतो. तळेगाव दाभाडे येथे त्यांचे दीर्घकाळ वास्तव्य होते, त्यामुळे ते आम्हां मावळवासीयांचे शेजारीच.

त्यांच्या निसर्गवर्णनावर, दुर्गप्रेमावर आणि बोलीभाषांच्या वापरावर पुष्कळ लिहिले गेले आहे. त्या मानाने एक प्रश्न उपेक्षित राहिला, असे आम्हांस वाटते. या लेखकाचा पिंड कोणाच्या सहवासात घडला? उत्तर ‘स्मरणगाथे’तच आहे, आणि या ग्रंथाला साहित्य अकादमीचा 1976 चा पुरस्कार मिळालेला असल्याने तो काही अज्ञातवासात पडलेला नाही. वयाच्या तेराव्या वर्षी शाळा आणि घर सोडून स्वातंत्र्याच्या चळवळीत शिरलेला हा मुलगा पुढे गाडगेबाबांच्या सावलीत आला. त्यांच्याबरोबर राहिला, त्यांचा संदेश सांगत गावोगाव हिंडला.

दोघेही मूळचे अमरावती जिल्ह्यातले. बाबांचा जन्म 1876 साली शेंडगावचा, दांडेकरांचा 1916 साली परतवाड्याचा. चाळीस वर्षांचे अंतर, आणि जातीचे अंतर त्याहून मोठे. एक परिटाच्या घरचा, अक्षरओळख नसलेला. दुसरा ब्राह्मणाच्या घरचा, पुढे वेदान्त शिकणारा. त्या काळच्या रीतीने पाहिले, तर शिकवणाऱ्याची जागा कोणाची आणि शिकणाऱ्याची कोणाची, हे ठरलेलेच होते. इथे तो क्रम उलटा झाला. आमच्या मते दांडेकरांच्या साहित्याचे बीज या उलटापालटीत आहे.

बाबांची रीत सर्वांना ठाऊक आहे. 1905 साली घर सोडलेला हा पुरुष अंगावर चिंध्या, डोक्यावर गाडगे आणि हातात खराटा घेऊन गावात शिरे. दिवसभर गाव झाडून काढी आणि रात्री कीर्तनाला उभा राही. हे कीर्तन म्हणजे एकट्याचे निरूपण नव्हे. बाबा आपल्या वऱ्हाडी बोलीत श्रोत्यांना प्रश्न विचारीत, श्रोते उत्तर देत आणि त्या उत्तरातूनच पुढचा प्रश्न निघे. समोरच्या माणसाच्या तोंडची भाषा नीट ऐकल्यावाचून असे कीर्तन उभे राहत नाही.

आता गोनीदांच्या कादंबऱ्या या दृष्टीने पाहाव्यात. ‘पडघवली’ कोकणातल्या एका घरंदाज स्त्रीच्या तोंडून सांगितली आहे. ‘पूर्णामायची लेकरं’ वऱ्हाडीत बोलते. ज्या पूर्णेच्या काठी बाबांचे बालपण गेले, तीच ही पूर्णा. ‘पवनाकाठचा धोंडी’ मावळी बोलीला जवळ घेते. एकाच लेखकाने तीन मुलखांच्या तीन जिभा आपल्याशा कराव्यात, ही केवळ भाषाकौशल्याची बाब नव्हे. यजमानाच्या ओटीवर बसून त्याचे बोलणे आदराने ऐकण्याची ती सवय आहे, आणि ती सवय कीर्तनाच्या मांडवात लागली असली पाहिजे, असे आम्ही मानतो. बाबांवर गोनीदांनी चरित्रही लिहिले आहे. परंतु गुरूचा ठसा शोधण्यासाठी आम्ही त्या चरित्रापेक्षा या कादंबऱ्यांकडे आधी वळू.

येथे एक अडचण येते. गोनीदा बाबांपाशी थांबले नाहीत. वेदान्ताचा अभ्यास, नर्मदेची परिक्रमा, संघाचे प्रचारकार्य, आणि 1947 नंतर लेखणीवरचा चरितार्थ, असा त्यांचा मार्ग वळत गेला. मग हे शिष्यत्व कसले? आमच्या वाचकांनी योहानच्या शुभवर्तमानाचा पहिला अध्याय आठवावा. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचे दोन शिष्य त्याच्यादेखत त्याला सोडून येशूच्या मागे गेले, आणि त्याने त्यांना अडवले नाही. बाबांनी तर गुरुपद मुळातच नाकारले होते. आपला कोणी शिष्य नाही, असे ते सांगत; पायाला हात लावू देत नसत. ज्याने कधी बांधूनच ठेवले नाही, त्याला सोडून जाण्यात द्रोह कसा घडावा? सेमिनरीत आणि धर्मग्रामात तरुणांना मार्गदर्शन करणाऱ्या आम्हां धर्मगुरूंना हे उमगते, पण अंगवळणी पडत नाही. आम्हांला आमच्या घडणीचा माणूस आमच्याच दारात दिसावासा वाटतो.

तरीही वारसा पूर्ण उतरला काय, याचे उत्तर आम्ही संकोच न करता देऊ. अर्धाच उतरला. ‘माचीवरला बुधा’ ही आमची आवडती कादंबरी. मुंबई सोडून राजमाचीवर परतलेला म्हातारा झाडाझुडपांच्या, पशुपक्ष्यांच्या संगतीत राहतो. त्याची निरिच्छता थेट बाबांच्या गाडग्याची आठवण करून देते. पण बाबांनी घर सोडले ते माणसांत जाण्यासाठी, आणि बुधा माणसे सोडतो ती रानात जाण्यासाठी. बाबांच्या कीर्तनात सावकाराचे कर्ज होते, दारू होती, नवसाला कापलेला बोकड होता, शिवाशीव होती. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी 1949 साली डॉ. आंबेडकरांच्या शिक्षणसंस्थेच्या हवाली केली. गोनीदांच्या मावळात हा संताप क्वचितच ऐकू येतो. तेथील दारिद्र्यसुद्धा श्रावणातल्या उन्हासारखे देखणे होऊन येते. खराट्यातली नम्रता लेखणीने घेतली, त्याची खरखर मात्र घेतली नाही.

हे केवळ कलेचे न्यून म्हणून सोडून देता येत नाही. धोंडीची पवना पुढे धरणाने अडवली गेली आणि काठची शेते पाण्याखाली गेली. त्याच पवनेच्या पाण्याच्या जलवाहिनीला विरोध करणारे तीन शेतकरी 9 ऑगस्ट 2011 रोजी बऊरजवळ द्रुतगती महामार्गावर पोलिसांच्या गोळीबारात मृत्युमुखी पडले. ज्याने मावळ फक्त या कादंबऱ्यांतून ओळखला, त्याला तो दिवस आकळणे कठीण. कादंबरीकाराने भविष्य सांगावे अशी आमची अपेक्षा नाही. कादंबरी 1955 ची आहे. परंतु बाबांचे बोट ज्या जागी पडत असे, ती जागा तेव्हाही मावळात होतीच.

एवढे म्हणूनही ‘स्मरणगाथे’तील बाबा आम्ही पुनःपुन्हा वाचतो. तेथे लेखक स्वतःला लहान करून लिहितो, आणि लहान झाल्याचे भांडवलही करीत नाही. मराठी आत्मकथनांत हा गुण आम्हांला लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रां’त दिसतो, नंतर फार थोड्यांत. आमच्या धर्मग्रामांच्या वाचनालयांत ‘स्मृतिचित्रे’ सहसा असते. त्याच्या शेजारी ‘स्मरणगाथा’ ठेवावी, आणि ज्यांनी फक्त ‘बुधा’ वाचला आहे त्यांनी ती आधी उघडावी.