मृताचे घर : वीरगळाच्या चौकटीविषयी

वीरगळाकडे आपण आजवर मुख्यतः इतिहासाचे साधन म्हणून पाहिले. बोरिवलीजवळच्या एकसर येथील सहा शिळांपैकी चारांवर नौकायुद्ध कोरलेले आहे. ते शिलाहार सोमेश्वर आणि यादव महादेव यांच्यातील तेराव्या शतकातील संघर्षाचे असावे काय, याच प्रश्नाभोवती बरीचशी चर्चा फिरत राहिली. शिळेवरील आडव्या पट्ट्या आणि माथ्यावरचा कलश ही वास्तुचिन्हे मात्र ‘अलंकरण’ या सदरात जमा झाली. हे वर्गीकरण तपासून पाहणे आवश्यक आहे.

वीरगळ खालून वर वाचावयाचा असतो. तळाशी युद्ध व मरण, त्यावर स्वर्गारोहण, सर्वांत वर कैलासातील लिंगपूजा. हा क्रम आकृत्यांइतकाच पट्ट्यांनी सिद्ध होतो. पट्टी हे खालच्या मजल्याचे छत आणि वरच्याचे जोते असते. ती वगळली, तर पडलेला वीर व पूजा करणारा भक्त हे एकाच दृश्यातील दोन पुरुष ठरतील. म्हणजे येथे वास्तुरूप हेच कथनाचे व्याकरण आहे.

रोमन प्रांतांतील स्मृतिशिळांशी तुलना केल्यास हे अधिक स्पष्ट होते. इ. स. ९ मध्ये वारुसच्या युद्धात पडलेल्या मार्कुस काइलियुस या शतकाधिपतीची शिळा बॉन येथे जतन केलेली आहे. देह हाती न लागलेल्याचे रिते स्मारक, असे ती मानली जाते. त्रिकोणी शीर्ष व भित्तिस्तंभ यांमध्ये त्याची प्रतिमा, खाली नाव, हुद्दा, वय. तेथे चौकट मृताला घर देते. कथन लेखाकडे आहे. एकसरचा वीर कोण, हे शिळा सांगत नाही. म्हणून कथनाचा सारा भार चौकटीवर येतो.

याची कसोटी किहीमजवळच्या नवगाव येथे लागते. बेने इस्रायली परंपरेनुसार जहाज फुटून बुडालेले त्यांचे पूर्वज तेथे पुरुषांचा एक व स्त्रियांचा एक अशा दोन उंचवट्यांखाली विसावले आहेत. त्या उंचवट्यांना ना नाव, ना चौकट. कथा समाजाच्या मुखी राहिली. सांगणारे बहुसंख्येने १९४८ नंतर इस्रायलला गेले. सांगणारा नसेल, तर उंचवटा ही केवळ माती उरते. एकसरचा वीर मात्र सांगणाऱ्यावाचूनही वाचता येतो.

म्हणूनच ग्रंथात केवळ नौकांचा पट्टा कापून छापणे ही निरुपद्रवी सोय नव्हे. त्यात युद्ध उरते, मृताचे घर जाते.